हसू नका, वीस मिनिटं शिकवा

इंग्रजीतला अपॉस्ट्रॉफी शिकायला वीस मिनिटं लागतात. दहावी झालेल्या आणि मराठी नीट वाचता येणाऱ्या कुणालाही. हे मी अंदाजानं सांगत नाही. पाथरीत आमचं फ्लेक्स-डीटीपीचं दुकान आहे, तिथं कामाला येणाऱ्या प्रत्येक पोराला मी हे शिकवतो, बहुतेक वेळा मशीनवर प्रिंट निघत असताना. प्रिंट संपायच्या आत शिकवणी संपते. आणि दर वेळी समोरचा एकच प्रश्न विचारतो, "भैय्या, एवढंच होतं तर शाळेत का नाही सांगितलं?"

माझं भांडण या प्रश्नापासून सुरू होतं. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे बारावी झालेल्या पोरानं बारा वर्षं इंग्रजीचा तास केलेला असतो. त्यात त्यानं कर्मणी प्रयोग केलेला असतो, डायरेक्ट-इनडायरेक्ट केलेलं असतं, न पाहिलेल्या उताऱ्यावरचे प्रश्न सोडवलेले असतात. पण वरचा कॉमा (आमच्या दुकानात त्याला हेच नाव आहे) कधी द्यायचा आणि कधी नाही, हे बारा वर्षांत कुणी पाच वाक्यांत सांगितलेलं नसतं. मग हाच पोरगा गावाबाहेर पडतो आणि त्याला पहिलं मोजलं जातं ते याच चिन्हावर.

आमच्या मेन रोडनं एक चक्कर मारा. 'मेन्स पार्लर'च्या पाट्या बघा. एकात वरचा कॉमा एसच्या आधी आहे, एकात नंतर, एकात नाहीच. मोबाईलच्या दुकानावर 'मोबाईल'च्या अनेकवचनात कॉमा घुसलाय. ज्यूस सेंटरवर 'शेक्स'मध्ये घुसलाय. वाढदिवसाच्या बॅनरवर 'काँग्रॅच्युलेशन्स'मध्ये तर हमखास. पाथरी साईबाबांचं जन्मस्थान मानलं जातं, त्यामुळं साईंच्या नावाची दुकानं बरीच, आणि साईनंतरच्या एसला कॉमाचा मुकुट कधी आहे, कधी नाही. हे फोटो काढून पुण्या-मुंबईचे लोक स्टेटसला ठेवतात. खाली हसून रडणारे चेहरे. मला त्या पाट्यांचा राग येत नाही. ज्याला कुणी सांगितलंच नाही, तो अंदाजानं लिहिणार. एस दिसला की त्याच्या आधी काहीतरी लटकवायचं असतं, एवढं त्याला दिसलेलं असतं. चिप्सच्या पुडीवर लेजच्या नावात आहे, हल्दीरामच्या डब्यावर आहे, डॉमिनोजच्या पाटीवर आहे. त्यानं मोठ्या लोकांचं बघून केलं. यात मूर्खपणा कुठाय?

राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. आमच्या गल्लीतल्या एका पोरानं पुण्यातल्या एका कंपनीला नोकरीसाठी मेल पाठवला. डिप्लोमा झालेला, मोटर रिवाइंडिंगपासून पॅनल वायरिंगपर्यंत सगळं हातात असलेला पोरगा. मेल त्यानं रात्री बसून स्वतः लिहिला होता. त्यात त्यानं 'इट्स' दोनदा चुकीचं लिहिलं होतं आणि 'युवर'च्या जागी 'यू आर'वालं रूप टाकलं होतं. तिथल्या कुणीतरी त्या मेलचा स्क्रीनशॉट काढून, नाव पुसून, चुकांना लाल गोल करून तो सोशल मीडियावर टाकला. वर लिहिलं होतं की आजकाल कसले कसले अर्ज येतात बघा. फिरत फिरत तो आमच्याच ग्रुपवर आला. नाव पुसलेलं होतं, पण आपला मेल माणूस ओळखतो. त्यानंतर चार महिने त्यानं कुठंच मेल केला नाही. आजही तो मेल दुसऱ्याकडून लिहून घेतो. पॅनल मात्र स्वतःच जोडतो.

तो लाल गोल काढायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात दोन ओळींचं उत्तर लिहून झालं असतं: 'अर्ज मिळाला, आणि हो, इथं कॉमा नको.' वीस मिनिटंही लागली नसती, दोन लागली असती.

आता ज्या चिन्हावरून हे सगळं चालतं, त्याचं कूळ बघू. कारण हसणाऱ्यांचा आव असा असतो की हा नियम ज्ञानेश्वरांच्या आधीपासून दगडावर कोरलेला आहे. हे चिन्ह इंग्रजीत सोळाव्या शतकात फ्रेंचांचं बघून आलं. काम एकच होतं, गाळलेल्या अक्षराची खूण. मालकी दाखवायला ते हळूहळू चिकटलं, आणि अनेकवचनाच्या मालकीसाठी एसच्या नंतर कॉमा ही टापटीप अठराव्या शतकाच्या अखेरीकडं बसत गेली. आणि ज्या 'इट्स'वरून आमच्या पोराला लाल गोल मिळाला, तीच चूक, म्हणजे मालकीच्या अर्थी कॉमा देऊन लिहिलेलं 'इट्स', शेक्सपिअरच्या १६२३ च्या फोलिओत आहे. जेन ऑस्टेनच्या लिखाणात आहे. अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसनच्या कागदांत आहे. तेव्हा ती चूक नव्हतीच, कारण नियम अजून ठरायचा होता. पुढं छापखानेवाल्यांनी आणि व्याकरणवाल्यांनी तो ठरवला.

ठरवायलाही हरकत नाही. आपणही ठरवतोच की. १९६२ साली राज्य सरकारनं साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम मान्य केले आणि मराठीतले न उच्चारले जाणारे ढीगभर अनुस्वार एका फटक्यात गेले. आजोबांच्या पिढीत जे टिंब न देणारा अडाणी ठरायचा, नातवाच्या पिढीत तेच टिंब देणारा चुकला. नियम माणसं करतात, बदलतात. मग त्या नियमावरून माणसाची अक्कल काढणं बंद करा, एवढंच.

इंग्रजांच्या देशात काय चाललंय तेही ऐका. जॉन रिचर्ड्स नावाच्या निवृत्त पत्रकारानं २००१ मध्ये अपॉस्ट्रॉफी वाचवायला चक्क एक संस्था काढली. दुकानदारांना नम्र पत्रं पाठवून तो चुका दाखवायचा. २०१९ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, त्यानं संस्था बंद केली आणि अज्ञान व आळस जिंकला असं जाहीर केलं. म्हणजे लंडनचा भाजीवालाही आमच्या ज्यूसवाल्यासारखंच लिहितो. तिथं चुकीच्या जागच्या या चिन्हाला नावच मुळी भाजीवाल्यावरून पडलंय. वॉटरस्टोन्स ही पुस्तकांच्या दुकानांची मोठी साखळी, तिनं २०१२ मध्ये आपल्या नावातलं हे चिन्ह काढूनच टाकलं. अमेरिकेत तर सरकारी नकाशांवरच्या ठिकाणांच्या नावात मालकीचा अपॉस्ट्रॉफी १८९० पासून सहसा ठेवतच नाहीत, मोजून पाच ठिकाणांना सूट आहे. त्यांचं इंग्रजी कच्चं आहे, असं म्हणून त्यांचा अर्ज कुणी फेकत नाही.

इथपर्यंत वाचून काही जण खूश झाले असतील. विशेषतः ते, ज्यांचं म्हणणं असतं की भाषा प्रवाही असते, व्याकरण ही वरच्या वर्गानं उभी केलेली भिंत आहे, पोरांना जसं येतं तसं लिहू द्या. माझं यांच्याशी पहिल्यांपेक्षा जास्त भांडण आहे. हसणारा निदान समोरून मारतो.

या मंडळींचे लेख काढून बघा. अपॉस्ट्रॉफी ही भिंत आहे असं सांगणाऱ्या त्यांच्या इंग्रजी लेखात प्रत्येक अपॉस्ट्रॉफी जागच्या जागी असतो. त्यांच्या बायोडेटात असतो, व्हिसाच्या अर्जात असतो. त्यांच्या मुलांच्या वहीत चुकला तर ते 'प्रवाही आहे' म्हणत नाहीत, रबर देतात. स्वतः भिंतीच्या आत बसून बाहेरच्याला सांगायचं की तू आत येण्याची काही गरज नाही, भिंत खोटी आहे. खोटी असेल, पण डोकं फुटतं ते आमचं.

बर्नार्ड शॉचं उदाहरण हे लोक नेहमी देतात. खरं आहे, शॉला ही चिन्हं जंतूंसारखी वाटायची. 'डोन्ट', 'वोन्ट' तो कॉमाशिवायच छापून घ्यायचा. पण एक तर त्याला १९२५ सालचं नोबेल आहे, आमच्या पोराला अजून अप्रेंटिसशिप नाही. आणि दुसरं, शॉनंही 'आय विल'च्या लहान रूपातला कॉमा ठेवला होता, कारण तो काढला तर शब्द 'इल', म्हणजे आजारी, असा वाचला जातो. 'ही विल'मधला काढला तर थेट नरक. बंडखोरालाही अर्थ मोडतो तिथं थांबावं लागलं. पण नियम मोडायलाही आधी तो माहीत असावा लागतो, आणि तो तुम्ही आम्हाला सांगतच नाही.

आणि तिसरे, 'तीस दिवसांत फाडफाड इंग्लिश'वाले. त्यांच्याबद्दल एवढंच, की त्यांचे फ्लेक्स मीच छापतो, आणि मजकुरातले कॉमेही मीच दुरुस्त करतो. फी मात्र तेच घेतात.

हे आमच्याकडंच जास्त का चावतं, यालाही कारण आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. मराठवाड्याचं विद्यापीठ १९५८ चं. मधली १०१ वर्षं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात, तिथल्या वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. हैदराबादचं उस्मानिया १९१८ मध्ये निघालं तेच मुळी उर्दूतून शिकवायला. म्हणजे पुण्यातल्या घरात पणजोबा इंग्रजीत अर्ज लिहीत होते, तेव्हा परभणी-पाथरीतले शिकलेले लोक उर्दूत लिहीत होते, आणि सुंदर लिहीत होते. घरात इंग्रजी पिढ्यांपासून असणं ही हुशारी नाही, तो वारसा आहे. वारसा मिळालेल्यानं मिळकतीचा आव आणू नये.

तर आता ती वीस मिनिटं. मराठीतून, कारण मराठीतून हे इंग्रजीपेक्षा लवकर कळतं.

पहिलं काम, खाल्लेल्या अक्षराची खूण. आपणही अक्षरं खातो. 'येत आहे'चं 'येतंय' करतो, आणि आमच्याकडं तर 'काय करायला लागलास'चं 'काय करायलास' होतं. आपण खाल्लेल्याची खूण ठेवत नाही. संस्कृतात ठेवतात, तो इंग्रजी एससारखा दिसणारा अवग्रह. इंग्रजीही ठेवते. 'डू नॉट' जोडून लिहिताना 'नॉट'मधला ओ खाल्ला, तर ओ होता तिथं वरचा कॉमा. 'आय ॲम'मधला ए खाल्ला, तिथं कॉमा. कॉमा दोन शब्दांच्या सांध्यावर नाही, खाल्लेल्या अक्षराच्या जागेवर येतो. डी-ओ-एन, कॉमा, टी. डी-ओ, कॉमा, एन-टी नाही.

दुसरं काम, मालकी. जिथं मराठीत नामाला चा-ची-चे लागतो, तिथं इंग्रजीत कॉमा आणि एस. साईचं दुकान, राहुलची गाडी, गावाचा रस्ता. मालक अनेक असतील आणि शब्दाच्या शेवटी आधीच एस असेल, तर नवा एस नको, नुसता कॉमा शेवटी. म्हणून ५ सप्टेंबरचा शिक्षक दिन: शिक्षक एक नाहीत, सगळे, तर कॉमा एसच्या नंतर. मदर्स डे मात्र एसच्या आधी, कारण ज्या ॲना जार्विसनं तो दिवस अमेरिकेत सुरू करवला, तिचा आग्रह होता की हा जगातल्या सगळ्या आयांचा नाही, प्रत्येकाच्या आपल्या एका आईचा दिवस आहे. एक कॉमा इकडचा तिकडं झाला तर हा फरक पडतो, म्हणून ते शिकण्यासारखं आहे. 'मेन्स पार्लर'चा गोंधळही इथंच सुटतो. 'मेन' हे अनेकवचनच आहे, त्याच्या शेवटी एस नाही, म्हणून आधी कॉमा, मग एस. 'विमेन्स'चं आणि 'चिल्ड्रन्स'चं तसंच. आणि तुमचं नाव तेजस, श्रीनिवास किंवा अब्बास असेल तर कॉमा देऊन पुढं आणखी एस लावा किंवा नका लावू, छापील इंग्रजीत दोन्ही चालतं. यावर भांडणाऱ्यांना वेळ भरपूर आहे.

आता कुठं द्यायचा नाही. अनेकवचनाला नाही. मोबाईलच्या दुकानात मोबाईल विकायला आहेत, मोबाईलचं काहीतरी नाही. मराठीत 'चा' बसतो का बघा. बसत नसेल तर कॉमा काढा. या एका चाचणीनं आमच्या मेन रोडच्या बहुतेक पाट्या दुरुस्त होतील.

आणि राहिलं ते लाल गोलवालं 'इट्स'. इथं लोक म्हणतात, त्याचं शेपूट म्हणजे मालकी, मग कॉमा का नाही? कारण मराठीत तुम्ही 'मीचा' म्हणत नाही. 'तूचा' म्हणत नाही. माझा, तुझा म्हणता. राहुलला 'चा' लावता, पण 'मी'चं मालकीचं रूप तयारच मिळतं. इंग्रजीत हिज, हर, अवर, युवर, देअर आणि 'इट्स' ही सगळी माझा-तुझासारखी तयार रूपं आहेत. तयार कपड्याला वेगळी बाही शिवत नाहीत, म्हणून कॉमा नाही. मग कॉमावालं 'इट्स' कुठलं? ते 'इट इज', आय खाल्लेलं. म्हणजे मराठीत 'ते आहे' निघत असेल तर कॉमा, 'त्याचं' निघत असेल तर नाही. युवर आणि 'यू आर'वालं, हूज आणि 'हू इज'वालं, देअर आणि 'दे आर'वालं, सगळ्यांना हीच चाचणी. संपलं. घड्याळ बघा.

फोन दुरुस्त करेल म्हणून बसू नका. 'डोन्ट' तो सुधारतो, कारण कॉमाशिवाय तसा शब्दच नाही. पण दोन्ही 'इट्स' खरे शब्द आहेत, त्यामुळं तो कधी गप्प बसतो, कधी बरोबर असलेलं बिघडवतो. जाता जाता, फोन वळणदार कॉमा टाकत असेल तर साध्या एसएमएसमध्ये गंमत होते: तो एक कॉमा एसएमएसच्या मूळ अक्षरसंचात नाही, त्यामुळं १६० अक्षरांची मर्यादा ७० वर येते, अगदी मराठी एसएमएससारखी. इंग्रजी मेसेजला मराठीच्या पंगतीत बसवणारं असं हे चिन्ह.

कॉम्प्युटरलाही याचं वावडंच. वसईकडच्या मराठी ख्रिस्ती घरांत आडनावातच हे चिन्ह असतं. २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो, त्यांचं आडनाव इंग्रजीत डी, वरचा कॉमा, मग पुढचं. मराठीनं तो कॉमा विरघळवून सरळ दिब्रिटो केलं. डेटाबेसच्या भाषेत मात्र हे चिन्ह म्हणजे 'मजकूर इथं संपला', त्यामुळं कच्चे लिहिलेले ऑनलाइन फॉर्म असली नावं घेत नाहीत. २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या नॉर्थ यॉर्कशायरच्या कौन्सिलनं डेटाबेसचं कारण सांगून रस्त्यांच्या नव्या पाट्यांवरून अपॉस्ट्रॉफी काढायचं ठरवलं होतं. लोक भडकले आणि कौन्सिलला माघार घ्यावी लागली. एका चिन्हासाठी गाव भांडलं, हे मला आवडलं.

आणि म्हणूनच आता आपल्या बाजूला येतो. मराठीत विरामचिन्हं रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी या मोल्सवर्थच्या सहकाऱ्याला दिलं जातं. त्याआधीच्या मोडी कागदात स्वल्पविराम तर सोडाच, शब्दांमध्ये जागाही नसायची. स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह अशी चिन्हं इंग्रजीतून मराठीत आली आणि राहिली. मालकीचा अपॉस्ट्रॉफी आला नाही, कारण त्याची गरज नव्हती. मराठीत मालकी शब्दाला चिकटून येते. 'पाथरीचा'. मध्ये काही नाही, जागाही नाही.

आणि आज? 'पाथरी चा राजा'. 'मराठवाड्या ची शान'. 'भाऊं च्या वाढदिवसा निमित्त'. सगळं तोडून. काही हिंदीचं बघून, कारण हिंदी-उर्दूत 'का' सुटाच असतो. काही फोनच्या कीबोर्डमुळं, तो शब्द सुचवतो आणि मागं जागा सोडतो. इंग्रजीतल्या कॉमावर लाल गोल काढणारे हे रोज बघतात, स्वतःही लिहितात, आणि कुणी स्क्रीनशॉट काढत नाही. पुण्यातल्या मोठमोठ्या होर्डिंगांवर 'पुण्या चा' असं सुटं बघून मी अजून एकही हसून रडणारा चेहरा पाहिलेला नाही. इंग्रजीतला सांधा चुकला तर माणूस अडाणी, मराठीतला सांधा निखळला तर डिझाईन.

यंदा गणपतीत एका मंडळाची पोरं फ्लेक्स घेऊन आली, लोगोत 'चा' सुटा. मी जोडून दाखवला. अध्यक्ष म्हणाला, "जागा राहू द्या भैय्या, मागच्या वर्षीचे टी-शर्ट तसेच छापलेत." टी-शर्ट दीडशे होते. मी त्याला सांगितलं, फ्लेक्सचे पैसे स्क्वेअर फुटावर आहेत, जोडल्यानं एक इंच कमीच लागेल. तो हिशोब त्याला पटला.